ज्यूरीच्या वहीतील नावे

१९६० सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत एक कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका हार्पर ली चौतीस वर्षांची होती आणि त्यापूर्वी तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हे त्या कादंबरीचे नाव. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यातील वकिलाच्या भूमिकेने ग्रेगरी पेक या नटाला ऑस्कर मिळवून दिले. इंग्रजी शिकणाऱ्या जगातील कोट्यवधी मुलांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील न्यायालय प्रथम पाहिले ते या कादंबरीत.

ते न्यायालय मेकोम नावाच्या गावातले आहे. अलाबामा राज्यातील हे गाव कल्पित आहे आणि काळ १९३० नंतरच्या आर्थिक मंदीचा आहे. गावाबाहेर राहणाऱ्या एका दरिद्री गोऱ्या कुटुंबातील मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर येतो. न्यायाधीश त्याचा बचाव गावातल्याच अ‍ॅटिकस फिंच या वकिलावर सोपवितो. फिंच विधुर आहे, त्याला दोन मुले आहेत आणि त्यांतील लहानगी मुलगी ही सारी कथा सांगते. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसातील सरकी काढणाऱ्या यंत्रात सापडून निकामी झालेला असतो, आणि मुलीच्या चेहऱ्यावरच्या जखमा तर डावखुऱ्या माणसाने मारल्याच्या असतात. भर न्यायालयात हे सिद्ध होते. तरीही बारा गोरे पंच त्याला दोषी ठरवितात.

या खटल्याने मेकोम गाव दुभंगले, असे कादंबरीविषयी बोलताना नेहमी म्हटले जाते. वस्तुतः ते गाव खटल्यापूर्वीच दुभंगलेले होते, आणि न्यायालयाच्या इमारतीकडे पाहिले तरी ते कळत होते. खाली गोऱ्यांच्या बैठकी, वर सज्जात कृष्णवर्णीयांच्या. खटल्याने एवढेच केले की गोऱ्यांच्या बैठकीत एक फट पाडली. वकील, न्यायाधीश, वृत्तपत्राचा संपादक आणि शेजारची एखादी बाई ही मंडळी उरलेल्या गावापासून किंचित दूर सरकली. पंचांना निर्णयास काही तास लागले, काही मिनिटांत ते परतले नाहीत, यातच फिंचला आशेचा अंश दिसतो. लेखिकेची सारी सहानुभूती त्या फटीवर एकवटलेली आहे. प्रत्यक्ष इतिहासात ती फट केवढी होती, हे पाहण्यासाठी मात्र कादंबरी मिटून त्या काळातील खऱ्या खटल्यांकडे वळावे लागते.

मेकोमचा नमुना म्हणजे लेखिकेचे जन्मगाव मन्रोव्हिल. ते अलाबामाच्या दक्षिण भागात आहे. तिचे वडील अमासा कोलमन ली हे तेथे वकील होते, विधिमंडळाचे सदस्य होते आणि गावच्या वृत्तपत्राचे संपादकही होते. १९१९ साली त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोघा कृष्णवर्णीयांचे वकीलपत्र घेतले. दोघेही फासावर गेले आणि त्यानंतर ली यांनी फौजदारी खटला पुन्हा घेतला नाही. पुढे १९३३ च्या नोव्हेंबरात मन्रोव्हिलच्या परिसरातच वॉल्टर लेट या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या स्त्रीने तसाच आरोप केला. १९३४ च्या मार्चमध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. गावातील काही प्रतिष्ठितांनी गव्हर्नरला पत्रे लिहिल्यावर ती जन्मठेपेवर आली. परंतु मृत्यूच्या कोठडीत दिवस मोजताना लेटचे मन ढासळले होते. १९३७ साली सरकारी रुग्णालयात क्षयाने त्याचा अंत झाला. हा खटला चालला तेव्हा हार्पर ली सात वर्षांची होती.

तथापि त्या काळात अलाबामाचे नाव साऱ्या जगभर पोहोचले ते दुसऱ्याच एका खटल्यामुळे. लेखिकेने पुढे एकदा असे लिहिले की इतके खळबळजनक प्रकरण तिच्या डोळ्यांपुढे नव्हते, पण दक्षिणेच्या वृत्तीचा दाखला म्हणून ते चालेल. तो खटला स्कॉट्सबरोचा.

२५ मार्च १९३१ रोजी चॅटनूगाहून मेंफिसकडे निघालेली एक मालगाडी अलाबामाच्या उत्तर भागातून चालली होती. मंदीचे दिवस होते. काम शोधीत गावोगाव फिरणारे बेकार तरुण तिकिटाविना मालगाड्यांवर चढून प्रवास करीत. त्या दिवशी गाडीवर काळे होते तसे गोरेही होते. दोघांत मारामारी झाली आणि गोऱ्या पोरांना खाली ढकलण्यात आले. त्यांनी जवळच्या स्टेशनावर तक्रार नोंदविली, तारा गेल्या, आणि पेंट रॉक या लहानशा स्टेशनावर हत्यारबंद जमावाने गाडी अडविली. वेगवेगळ्या डब्यांतून नऊ कृष्णवर्णीय मुले खाली उतरविण्यात आली. त्यांपैकी चौघे एकमेकांचे सोबती होते. बाकीचे परस्परांना ओळखतही नव्हते. सर्वांत लहान असलेल्या रॉय राइटचे वय बारा-तेरा वर्षांचे. ओलेन माँटगोमेरी जवळजवळ आंधळा, आणि विली रॉबर्सन गुप्तरोगाने इतका जर्जर झालेला की त्याला धड चालवत नव्हते.

याच गाडीतून पुरुषी कपडे घातलेल्या दोन गोऱ्या तरुणीही खाली उतरल्या. व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या हंट्सव्हिलच्या कापडगिरणीत अपुऱ्या मजुरीवर काम करीत. पोटासाठी भटकणे आणि लोकांची नावे ठेवणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. भटकेपणाबद्दल त्यांना स्वतःलाच अटक होण्याचा संभव होता. स्टेशनावरच त्यांनी सांगितले की या काळ्या मुलांनी आमच्यावर बलात्कार केला. त्या क्षणापर्यंत ज्यांना गावात कोणी उंबऱ्यात उभे केले नसते, त्या दोघी संध्याकाळपर्यंत दक्षिणेच्या स्त्रीत्वाची प्रतीके होऊन बसल्या.

मुलांना जॅक्सन काउंटीचे मुख्य ठाणे असलेल्या स्कॉट्सबरोच्या तुरुंगात आणण्यात आले. रात्री तुरुंगाभोवती जमाव जमला. गव्हर्नर मिलर यांनी राज्याचे सैनिक पाठविले म्हणून मुले जिवंत राहिली. बाराव्या दिवशी, ६ एप्रिल रोजी खटला उभा राहिला. महिन्याचा पहिला सोमवार हा गावच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागली. मेकोमच्या न्यायाधीशाने एका वकिलाची निवड विचारपूर्वक केली होती. स्कॉट्सबरोच्या न्यायाधीशाने गावातील सगळ्याच वकिलांना एकदम नेमले, म्हणजे कोणालाच नेमले नाही. अखेर उभे राहिले ते चॅटनूगाहून आलेले, जमिनीच्या व्यवहारांची कामे करणारे एक वकील आणि त्यांच्या जोडीला गावातील एक वृद्ध वकील. खटल्यापूर्वी अशिलांशी बोलायला त्यांना अर्धा तासही मिळाला नाही. चार दिवसांत चार खटले आटोपले. पहिला निकाल बाहेर कळला तेव्हा आवारात टाळ्यांचा कडकडाट झाला. आठ जणांना विजेच्या खुर्चीवर देहान्त. नववा म्हणजे रॉय राइट. त्याचे वय पाहून सरकारी पक्षानेच जन्मठेप मागितली होती, पण काही पंच देहान्ताशिवाय ऐकेनात, म्हणून त्याच्यापुरता खटला निकालाविना राहिला.

स्कॉट्सबरो गाव या खटल्याने दुभंगले काय? जेवढे माहीत आहे त्यावरून म्हणावे लागते की नाही. जमावाच्या हाती मुले न देता आपण त्यांना न्यायालयात उभे केले, याबद्दल गावातील शहाण्यासुरत्यांना अभिमानच वाटत होता. बाहेरचे जग आपल्यावर का चिडले आहे, हेच त्यांना उमगेना. फाशी देण्याआधी खटला चालविला, यापेक्षा न्याय तो आणखी काय?

बाहेरच्या जगात मात्र मोर्चे निघाले. अपील चालविण्याच्या हक्कासाठी साम्यवाद्यांची कायदेविषयक संघटना आणि कृष्णवर्णीयांची जुनी राष्ट्रीय संस्था यांच्यात तंटा जुंपला. त्याची हकिकत लांबलचक आहे आणि कोणालाच फारशी शोभा देणारी नाही. अलाबामाच्या वरिष्ठ न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी शिक्षा कायम केल्या. फक्त यूजीन विल्यम्स अल्पवयीन असल्यामुळे त्याच्यापुरता फेरखटला सांगितला. विरुद्ध मत देणारे एकटे होते ते मुख्य न्यायाधीशच. पुढे ७ नोव्हेंबर १९३२ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या निकालात सांगितले की देहान्ताच्या खटल्यात अशिक्षित, असहाय आरोपीला वकील मिळाला पाहिजे, आणि तो नाममात्र असता कामा नये. खटले पुन्हा चालवावे लागणार होते.

या वेळी खटला स्कॉट्सबरोहून सुमारे पन्नास मैल पश्चिमेकडील डिकेटर या गावी नेण्यात आला. बचावासाठी न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युअल लीबोविट्झ मोबदला न घेता आले. ते ज्यू होते, आणि डिकेटरच्या दृष्टीने न्यूयॉर्कचे असणे व ज्यू असणे हे दोन स्वतंत्र अपराध होते. सरकारी बाजू राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल टॉमस नाइट हे स्वतः मांडीत होते. न्यायासनावर होते जेम्स एडविन हॉर्टन. उंच, सडपातळ, मृदुभाषी. पाहणाऱ्यांना अब्राहम लिंकनची आठवण व्हावी अशी त्यांची चर्या होती.

लीबोविट्झ यांनी आरोपांना हात घालण्यापूर्वी एक वेगळाच प्रश्न काढला. या मुलांवर आरोप ठेवणाऱ्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय का नव्हता? त्यासाठी त्यांनी त्या भागातील कृष्णवर्णीय शिक्षक, डॉक्टर, धर्मोपदेशक, कारागीर यांना साक्षीला बोलाविले, आणि पंच होण्यास लागणारे शील व बुद्धी त्यांच्याजवळ आहे हे दाखविले. स्कॉट्सबरोहून आलेल्या एका गवंड्याची उलटतपासणी करताना नाइट त्याला सारखे नुसत्या नावाने हाकारू लागले, तेव्हा लीबोविट्झ उठले आणि साक्षीदाराला ‘मिस्टर’ म्हणावे अशी त्यांनी मागणी केली. आपल्याला तशी सवय नाही, असे नाइट यांनी उत्तर दिले. न्यायालयात बसलेल्या गोऱ्या श्रोत्यांना खटल्यातील इतर कोणत्याही मुद्द्यापेक्षा ही मागणी अधिक झोंबली असल्यास नवल नाही.

ज्यूरी ही संस्था मराठी माणसाला अगदीच परकी नव्हे. १८९७ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ पंचांतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी आणि तिघा हिंदी पंचांनी निर्दोष ठरविले. १९०८ च्या खटल्यात सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौलही सात विरुद्ध दोन असाच पडला. मुंबईत बहुमताने काम भागत होते. अलाबामात मात्र बाराही पंचांचे एकमत लागे. म्हणजे बारांत एखादा जरी कृष्णवर्णीय बसला आणि आपल्या मताला धरून राहिला, तर खुर्चीचा खटका दाबता येणार नव्हता. पंचांच्या यादीची एवढी राखण का केली जात होती, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हॉर्टन यांनी ज्यूरीविषयीचा अर्ज फेटाळला आणि हेवुड पॅटरसनचा खटला सुरू झाला. प्राइस आपल्या जबानीवर ठाम राहिली. घटनेनंतर दोन तासांच्या आत दोघींना तपासणाऱ्या डॉक्टरने मात्र सांगितले की त्या शांत होत्या, नाडी व श्वास नेहमीसारखे होते, आणि धारदार खडीने भरलेल्या डब्यात सहा जणांशी झगडल्याच्या मानाने अंगावर जखमा अशा नव्हत्याच. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरने साक्षीतून सुटका मागितली. हॉर्टन यांनी पुष्कळ वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्याने न्यायाधीशांना एका बाजूला गाठून म्हटले की त्या बायका खोटे बोलत आहेत याची आपली खात्री आहे, पण साक्ष दिली तर आपल्याला त्या भागात वैद्यकी करता येणार नाही. हॉर्टन यांनी त्याला भरीस घातले नाही. त्या डॉक्टरने पुढे हे संभाषण नाकारले. संभाषण झाले असेल तर गावातील फट ती हीच. एका माणसाच्या आत पडलेली, आणि बाहेरून दिसू न देण्याइतकी त्याने जपलेली.

६ एप्रिल रोजी रूबी बेट्स न्यायालयात आली, तीही बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून. बलात्कार झालाच नाही, आपण प्राइसच्या सांगण्यावरून खोटे बोललो, असे तिने शपथेवर सांगितले. तिच्या अंगावर न्यूयॉर्कचे नवे कपडे होते आणि नाइट यांनी पंचांचे लक्ष नेमके त्या कपड्यांकडे वेधले. समारोपात सरकारी बाजूच्या दुसऱ्या वकिलाने तर अलाबामाचा न्याय न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने विकत घेता येत नाही हे दाखवून द्या, असे पंचांना बजावले. ९ एप्रिल १९३३ च्या रविवारी सकाळी पंच बाहेर आले, ते हसत. दोषी, शिक्षा देहान्त. दोषी की निर्दोष हा प्रश्न त्यांनी पाच मिनिटांत निकालात काढला होता. बाकीचे तास गेले ते देहान्ताऐवजी जन्मठेप मागणाऱ्या एका पंचाचे मन वळविण्यात. फिंचला आशा देणारे मेकोमचे ते तास आणि डिकेटरचे हे तास शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

हॉर्टन यांना बारा पंचांपलीकडे एक अधिकार होता. कौल पुराव्याशी विसंगत असेल तर तो रद्द करून फेरखटल्याचा हुकूम देता येत असे. तसे केल्यास पुढच्या निवडणुकीत तुमचा निभाव लागणार नाही, असा इशारा त्यांना मिळाला होता. कारण अलाबामात न्यायाधीश मतांवर निवडून येतात. हॉर्टन यांचा जन्मही त्याच मातीतला. २२ जून १९३३ रोजी अथेन्स या आपल्या गावच्या न्यायालयात त्यांनी निकाल वाचण्यास प्रारंभ केला. वाचन सुमारे तासभर चालले. त्यात वक्तृत्व नव्हते. प्राइसची जबानी एकेका तपशिलाने घ्यायची, वैद्यकीय पुराव्याशी ताडून पाहायची, भरदिवसा उघड्या डब्यात गावागावांतून जाणाऱ्या गाडीवर असे घडणे कितपत संभवते हे विचारायचे, आणि पुढच्या तपशिलाकडे जायचे. शेवटी त्यांनी कौल रद्द केला. १९३४ च्या निवडणुकीत ते हरले आणि शेतीकडे वळले. १९७३ साली ते वारले तोवर न्यायासनावर पुन्हा बसले नाहीत. त्याच निवडणुकीत नाइट लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

कादंबरीतील फिंच खटला हरतो, पण त्यानंतरही गावचे लोक त्याला विधिमंडळावर निवडून देत राहतात. हॉर्टन यांच्या वाट्याला तेवढीही उदारता आली नाही. आणि त्यांच्या निकालाने पॅटरसन सुटला, असेही नव्हे. खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला. विल्यम कॅलहन यांनी पंचांना सूचना देताना दोषी कसे ठरवावे हे सांगितले. निर्दोष ठरवायचे तर काय लिहावे, हे सांगायला ते विसरले. त्याची आठवण वकिलांना करून द्यावी लागली. १९३३ च्या अखेरीस पॅटरसन आणि क्लॅरेन्स नॉरिस यांना पुन्हा देहान्त झाला.

याच फेरीत जॅक्सन काउंटीच्या ज्यूरीच्या वह्या न्यायालयात आल्या. पात्र नागरिकांची नावे त्यांत विभागवार लिहिलेली असत. त्या काउंटीत १९३० च्या जनगणनेप्रमाणे एकवीस वर्षांवरील पुरुष ८,८०१ होते आणि त्यांपैकी ६६६ कृष्णवर्णीय होते. पन्नाशीपासून शहात्तरीपर्यंतच्या साक्षीदारांनी सांगितले होते की कृष्णवर्णीय पंच आपण जन्मात पाहिलेला नाही. पण वह्या उघडल्या तर काही विभागांच्या यादीअखेरीस कृष्णवर्णीयांची सहा नावे होती! सरकारी पक्षाचे म्हणणे असे की नावे तर आहेत. निवड झाली नाही हा योगायोग. लीबोविट्झ यांनी हस्ताक्षरतज्ज्ञ उभा केला. यादी संपल्याची खूण म्हणून पूर्वीच्या कारकुनाने तांबड्या शाईच्या रेघा मारल्या होत्या. ती नावे रेघांच्या वरून गेली होती. म्हणजे रेघा आधीच्या आणि नावे नंतरची. कॅलहन यांनी हे मानले नाही. सरकारी अधिकाऱ्याने असे काही केले असेल, असे आपण समजणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९३५ च्या फेब्रुवारीत प्रकरण पुन्हा वॉशिंग्टनला पोहोचले. नावे मागाहून घुसडली हे तुम्ही सिद्ध करू शकता काय, असे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी विचारले. लीबोविट्झ म्हणाले, वह्या येथेच आहेत. मग एक असाधारण दृश्य घडले. एरवी कायद्याच्या तत्त्वांखेरीज काही न पाहणारे ते वयोवृद्ध न्यायाधीश हातात भिंग घेऊन, एकेक करून, अलाबामातील एका काउंटीच्या वहीतील शाई निरखू लागले. १ एप्रिल १९३५ रोजी ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ या प्रकरणात एकमताने निकाल लागला. वर्णामुळे माणसांना पद्धतशीरपणे ज्यूरीबाहेर ठेवले जात असेल, तर त्या ज्यूरीने ठेवलेला आरोप आणि दिलेला कौल उभा राहू शकत नाही. हे तत्त्व नवे नव्हते; १८८० सालीच त्याच न्यायालयाने ते सांगितले होते. परंतु पंचावन्न वर्षे दक्षिणेतील अधिकारी शपथेवर सांगत आले की आम्ही कोणाला वगळीत नाही, योग्य माणूसच सापडत नाही, आणि न्यायालये ते मान्य करीत आली. या वेळी न्यायालयाने शपथेवर न थांबता वही पाहिली.

याचे फळ आरोपींच्या पदरात किती पडले? नव्या ग्रँड ज्यूरीत एक कृष्णवर्णीय बसला, आणि त्याच्या ज्यूरीने आरोप पुन्हा ठेवले, कारण तेथे दोनतृतीयांश मते पुरत. १९३६ च्या जानेवारीत पॅटरसनच्या चौथ्या खटल्यासाठी बोलाविलेल्या शंभर जणांत बारा कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्ष बसलेले बाराही पंच गोरेच निघाले. त्यांनी देहान्ताऐवजी पंचाहत्तर वर्षांची कैद दिली, आणि अलाबामाच्या मानाने ही सवलतच होती. १९३७ च्या जुलैमध्ये नऊपैकी चौघांवरील आरोप मागे घेण्यात आले. त्या चौघांत रॉय राइट होता, माँटगोमेरी होता, रॉबर्सन होता, विल्यम्स होता. तोच पुरावा, तीच गाडी, तीच फिर्यादी; चौघे निर्दोष आणि पाच जण कैदेत! या सौद्याचे समर्थन कोणत्याही तर्कशास्त्राला करता येणार नाही. नॉरिसचा देहान्त १९३८ मध्ये जन्मठेपेवर आला. पॅटरसन १९४८ साली तुरुंगातून पळून डेट्रॉइटला गेला. मिशिगनच्या गव्हर्नरने त्याला परत पाठविण्याचे नाकारले. पुढे एका मारामारीतील मृत्यूबद्दल तो तेथील तुरुंगात गेला आणि १९५२ साली कर्करोगाने वारला. अँडी राइट १९५० साली सुटला, तो शेवटचा. मालगाडी अडविली तेव्हापासून एकोणीस वर्षे झाली होती.

नॉरिस मात्र दीर्घायुषी ठरला. पॅरोलवर असतानाच तो अलाबामा सोडून गेला होता आणि कायद्याच्या लेखी फरारी होता. १९७६ साली त्याला माफी देण्यात आली आणि त्या कागदावर सही करणारे गव्हर्नर होते जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचे एके काळचे कडवे पुरस्कर्ते. नॉरिस १९८९ मध्ये वारला. पॅटरसन, अँडी राइट आणि चार्ली वीम्स यांना माफी मिळाली ती २०१३ च्या नोव्हेंबरात. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाला त्याच वर्षी नवा कायदा करावा लागला, कारण मेलेल्या माणसाला माफी देण्याची तरतूदच अलाबामात नव्हती.

मन्रोव्हिलमधील जुने न्यायालय १९०३ साली बांधलेले. हार्पर लीचे वडील तेथे वकिली करीत आणि लहानगी हार्पर सज्जातून पाहत बसे. चित्रपटासाठी हॉलिवूडने त्याचीच प्रतिकृती उभारली. पुढे ती इमारत संग्रहालय झाली, आणि १९९० नंतरच्या वर्षांत दर वसंत ऋतूत गावातलेच लोक तेथे कादंबरीवरील नाटकाचा प्रयोग करू लागले. पहिला भाग बाहेर हिरवळीवर होई आणि खटल्यासाठी सारे प्रेक्षक आत न्यायालयात जात. सज्जात गावातील कृष्णवर्णीय नट बसत. ज्यूरी मात्र नटांची नसे. प्रवेशापूर्वी प्रेक्षकांतून बारा नावे पुकारली जात, आणि काळ १९३० नंतरचा असल्यामुळे ती सर्व गोऱ्या पुरुषांची असत. स्त्रियांनाही अलाबामाच्या ज्यूरीत १९६६ पर्यंत जागा नव्हती. दूरदूरच्या गावांहून आलेले ते बारा प्रेक्षक उठून पंचांच्या बाकांवर जाऊन बसत. टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे हे त्यांतील प्रत्येकाने शाळेतच वाचलेले असे. साक्षी संपल्या की ते शेजारच्या खोलीत जात, आणि संहितेत तसे लिहिले असल्यामुळे परत येऊन ‘दोषी’ असा कौल देत.